लॅपटॉप आणि बिनतारी जाळे



मुंबईत १९२७ साली नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हापासून तारेवाचून येणारा आवाज महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. लॅपटॉप संगणक ज्या वाय-फायला जोडला जातो, तीही मुळात नभोवाणीच होय. भेद इतकाच की, येथे दोन्ही बाजू बोलतात आणि ऐकतात. हवाई विद्यापीठाने १९७१ साली बेटाबेटांवरील संगणक असे रेडिओलहरींनी जोडून दाखविले. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. भारतात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला.

घरातील राउटर आपले नाव सतत प्रक्षेपित करीत असतो. लॅपटॉप ते ऐकून नावांची यादी दाखवितो. वापरणारा नाव निवडून परवलीचा शब्द देतो. हा शब्द हवेतून पाठविला जात नाही. तो दोघांनाही ठाऊक आहे, एवढेच परस्परांना पटविले जाते आणि त्यातून संदेश गुप्त राखणारी किल्ली तयार होते. त्यानंतर राउटर लॅपटॉपला एक पत्ता देतो. जोडणी झाली असे दिसते, पण काहीच उघडत नाही, अशा वेळी पुष्कळदा हा पत्ताच मिळालेला नसतो. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की अनेकदा काम भागते. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतींचे मात्र औषध नाही! तेथे ५ गिगाहर्ट्झची वेगवान लहर लवकर क्षीण होते, २.४ ची संथ, पण अधिक दूर पोचते.

खरी दक्षता हवी ती सार्वजनिक ठिकाणी. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल व गूगल यांनी विनामूल्य वाय-फाय सुरू केले. पुढे अशा सेवेचा लाभ अनेक स्थानकांवर मिळू लागला आणि फलाटावर बसून परीक्षेचा अर्ज भरणे शक्य झाले. परंतु परवलीचा शब्द नसलेले जाळे लॅपटॉप केवळ नावावरून ओळखतो, आणि तेच नाव दुसरा कोणीही आपल्या यंत्राला देऊ शकतो. एकदा जोडलेल्या नावाशी लॅपटॉप पुढे न विचारता जोडला जातो. म्हणून काम संपताच ते नाव यादीतून काढून टाकावे. बँकेचा व्यवहार करावयाचाच असेल, तर तो मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवरून करणे बरे.