एकसष्टावे मूल
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गावातल्या जिल्हा परिषदेच्या तीन प्राथमिक शाळा पाहून त्यांतली उत्तम कोणती ते सांगावे, म्हणजे तिला मंडळाची ढाल देता येईल, असे काम कार्यकारिणीने आम्हा तिघींवर सोपविले होते. काम सोपे वाटले. आपण बायका भाजी निवडतो, स्थळे निवडतो. मग शाळा निवडणे ते काय! पण दोन महिने हिंडून मी आज निकालाऐवजी एक कबुली घेऊन उभी आहे.

प्रथम आम्ही एक तक्ता आखला. इमारत, पंखे, पिण्याचे पाणी, मुलींचे स्वच्छतागृह, शिष्यवृत्तीच्या परीक्षेतले यश. त्यात बाजारपेठेतली शाळा सहज पहिली आली. तिथे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहेत. उर्दू माध्यमाची शाळा दुसरी. तिथल्या खिचडीला मात्र आम्ही तिघींनी पैकीच्या पैकी गुण दिले. (पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य धरलेले असते. अशा बेताच्या शिध्यात चव आणणे म्हणजे काय, ते चुलीपुढे बसणारीलाच कळेल.) वेशीबाहेरची शाळा तिसरी, म्हणजे शेवटची.

मग मला वाटले, भिंती पाहून झाल्या, आता मुले पाहावीत. ‘असर’ नावाची पाहणी 2005 पासून खेडोपाडी होत आली आहे. तिची रीत अगदी घरगुती आहे: मुलाजवळ बसायचे, दुसरीच्या पातळीचा एक लहानसा मजकूर पुढे ठेवायचा आणि वाच म्हणायचे. तिसरी-चौथीच्या मुलांना आम्ही तसेच वाचायला दिले.

वेशीबाहेरच्या शाळेत चौथीतल्या दोन मुली शेजारी बसल्या होत्या. एकीने धडाधडा वाचले. दुसरी अक्षरावर बोट ठेवून थांबली ती थांबलीच. गुरुजी एकच, पुस्तक एक, बाकही एक. चौकशी केली तेव्हा कळले की पहिली आजीपाशी राहते आणि दुसरी दर वर्षी आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते. आपल्या बीड जिल्ह्याला हे नवे नाही. दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात, आणि परततात तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. तिला शाळा मिळते ती अर्धी. त्या अर्ध्या शाळेचे गुण आम्ही पूर्ण शाळेच्या तक्त्यात मांडून तिला शेवटचा क्रमांक दिला होता!

आता कबुली. 2013 सालच्या जूनमध्ये या वेशीबाहेरच्या शाळेच्या पटावर 64 मुले होती आणि तीन शिक्षक. त्यांत माझा नातू होता. गल्लीत इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊ लागली, तिच्यात मी त्याला बसविले. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. पण मी शेजारणींनाही भरीस घातले. वर्षभरात आमच्या गल्लीतली सहा मुले गेली. राहिली 58.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी हिशोब दिला आहे: 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 पर्यंत तीन. पुढच्या वर्षी तिसऱ्या बाई ‘अतिरिक्त’ ठरल्या आणि समायोजनात दुसऱ्या तालुक्यात गेल्या. तेव्हापासून चार इयत्ता आणि दोन शिक्षक. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एका इयत्तेला लिहायला लावायचे आणि दुसरीला शिकवायचे. कायद्याने शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण यांवाचून शाळेबाहेरचे काम देता येत नाही. पण निवडणूक लागली आणि एकाला प्रशिक्षणाला बोलावले की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. ते पाहून आणखी पालक मुले काढतात, आणि वर म्हणतात, शाळा बिघडली. मीही म्हणत होते. शाळा बिघडविण्यात माझा हात आहे, हे कळायला मला हातात तक्ता घेऊन हिंडावे लागले.

तेव्हा यंदा ढाल कोणालाच देऊ नये असे माझे मत आहे. माझ्याबरोबरच्या दोघींपैकी एकीला ते पटलेले नाही. बाजारपेठेतल्या गुरुजनांनी मेहनत केली आहे, त्यांचा मान का हिरावता, असे त्या म्हणतात. त्यांचेही खोटे नाही. कार्यकारिणीने काय ते ठरवावे.

एक काम मात्र ठरावावाचून करता येईल. याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वेशीबाहेरच्या शाळेच्या समितीतल्या दोघींना मी विचारले, सभेला जाता का? त्या हसल्या. “कागद घरी येतो, बाई, आम्ही अंगठा देतो.” ज्यांची मुले मागे राहू शकतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण कोयते निघण्यापूर्वी नावे गोळा होऊन मागणी गेली तरच तिचा उपयोग. ही गोष्ट त्या दोघींपर्यंत पोचलेलीच नव्हती, आणि त्यांच्यातल्या एकीची मुलगी म्हणजेच ती अक्षरावर बोट ठेवून थांबलेली.

मुख्याध्यापकांनी येत्या गुरुवारी दुपारी तीनला समितीची सभा बोलावली आहे. त्या दोघींना घरून घेऊन मी जाणार आहे. वस्तीवर आणखी अकरा घरे कोयत्याची आहेत. एकटीने ती होणार नाहीत. ज्यांना यायचे असेल त्यांनी दोन वाजता माझ्या ओट्यावर यावे. ऊन फार असते, छत्री आणावी.