रेल्वे: रूळ, गाडी की नोकरी?

‘रेल्वे आली’ म्हणणं चूक, असं काही भाषाप्रेमी सांगतात. येते ती गाडी. रेल्वे म्हणजे नुसता रूळमार्ग. इंग्रजीपुरतं ते बरंचसं बरोबर आहे. ‘रेल’ आणि ‘वे’ यांचा हा समास रुळांवर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाहून जुना. इंग्लंडात कोळशाच्या गाड्या घोडे लाकडी रुळांवरून ओढत, तेव्हाचा. गंमत मुळांत आहे. ‘रेल’मागे सरळ पट्टी या अर्थाचा लॅटिन ‘रेगुला’ शब्द, त्याचं दूरचं नातं संस्कृत ‘ऋजु’शी, आणि ‘वे’ निघतो आपल्या ‘वाहना’च्या भावकीतला!

पण अर्थ ठरतो तो वापरानं. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुटली आणि पुढं लोहमार्ग खान्देशात शिरला, तेव्हा माणसांना रूळ, इंजिन, पगार सगळं एकाच नावाखाली भेटलं. म्हणून भुसावळात ‘पोरगा रेल्वेत लागला’ यात रेल्वे म्हणजे खातं. ‘चाळीसगावहून धुळ्याला रेल्वे जाते’ यात मार्गही आणि गाडीही. अर्थ असा सैल सोडला तर घोटाळा होईल, ही शंका रास्त वाटते. प्रत्यक्षात ‘रेल्वे चुकली’ ऐकून जळगावात कुणी रूळ शोधायला निघत नाही. ‘सगळं गाव जेवलं’ म्हटल्यावर घरं जेवली असं कुठं कुणाला वाटतं? काटेकोरपणा हवाच असेल, तर ‘लोहमार्ग’ आहेच. तो मात्र पोलिसांच्या पाटीवरच जास्त दिसतो.