डॉ. हाफडान माहलर : क्षयरोग्याच्या दारापासून जागतिक आरोग्य सभेपर्यंत

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



डॉक्टर म्हटले की डोळ्यांपुढे दवाखाना उभा राहतो. बाकावर बसलेले रुग्ण, टेबलापलीकडचा डॉक्टर आणि दोघांमध्ये एका विश्वासाचे नाते. आपला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर व्हावी अशी इच्छा बाळगणाऱ्या पालकांच्या मनातही बहुधा हेच चित्र असते, आणि ते चित्र उदात्तच आहे. परंतु वैद्यकीचे आणखी एक क्षेत्र आहे. त्यात डॉक्टरपुढे एक रुग्ण नसतो. एक जिल्हा, एक देश, कधी कधी सारे जग असते. तेथे हातगुण चालत नाही, आणि ज्यांचे प्राण वाचले त्यांना वाचवणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. या क्षेत्रात आयुष्य वेचलेल्या आणि त्याचे पहिले धडे भारतात गिरवलेल्या एका डॉक्टरची ही कहाणी आहे. त्यांचे नाव डॉ. हाफडान माहलर.

माहलर यांचा जन्म 21 एप्रिल 1923 रोजी डेन्मार्कमधील विविल्ड या लहानशा गावी झाला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. कोपनहेगन विद्यापीठातून 1948 मध्ये त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली. त्यानंतर इक्वेडोरमधील क्षयरोगविरोधी मोहिमेत काम करून 1951 साली ते जागतिक आरोग्य संघटनेत दाखल झाले आणि भारतात आले. पुढची सुमारे दहा वर्षे त्यांची कर्मभूमी हाच देश होता.

त्या काळी क्षय म्हणजे राजयक्ष्मा, आणि राजयक्ष्मा म्हणजे जवळजवळ मृत्यूचा निरोप, अशी समजूत होती. ज्याची ऐपत असे तो मिरज, मदनपल्ली किंवा भोवालीच्या सॅनेटोरियमची वाट धरी. कोरडी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणे, असे उपचाराचे स्वरूप होते. देशातील रुग्णांची संख्या लाखांच्या घरात होती आणि खाटा मात्र काही हजार. 1955 ते 1958 या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. क्षय हा शहरातल्या दाट वस्त्यांचा रोग आहे असे मानले जाई. प्रत्यक्षात तो खेड्यांतही तितक्याच प्रमाणात पसरलेला होता. म्हणजे बहुसंख्य रुग्ण अशा ठिकाणी होते, जेथे सॅनेटोरियम नव्हते, क्ष-किरण यंत्र नव्हते आणि कित्येकदा डॉक्टरही नव्हता.

याच सुमारास मद्रासमध्ये एक महत्त्वाचा प्रयोग झाला. 1956 साली स्थापन झालेल्या तेथील क्षयरोग केंद्राने गरीब वस्त्यांतील रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरीच राहू दिले. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दाटीवाटीच्या घरात, बेताच्या अन्नावर राहून औषध घेणारे रुग्णही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यामुळे अधिक बाधा झाली नाही. सॅनेटोरियमचा पायाच या निष्कर्षाने हलला. औषध योग्य असेल तर त्याचा गुण खाटेवर अवलंबून नाही, हे सिद्ध झाले.

आता प्रश्न उरला तो औषध आणि रुग्ण यांची गाठ घालून देण्याचा. त्याचे उत्तर शोधण्यासाठी 1959 साली बंगळुरात राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिच्या उभारणीत माहलर यांचा महत्त्वाचा वाटा होता. या संस्थेत डॉक्टरांच्या बरोबरीने समाजशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ बसत. त्या काळात ही रीत नवीन होती. क्ष-किरण यंत्रे गाड्यांवर चढवून गावोगाव फिरवावीत आणि दडलेले रुग्ण हुडकून काढावेत, असे तज्ज्ञांचे मत होते. अडाणी खेडूत आपण होऊन कशाला येईल, हे त्यामागचे गृहीत. संस्थेतील डॉ. देबाबर बॅनर्जी आणि डेन्मार्कचे स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील क्षयरोग्यांच्या घरी जाऊन हे गृहीत तपासले. बहुतेकांना आपल्या शरीरात काहीतरी बिघडले आहे याची जाणीव होती. निम्म्याहून अधिक लोक तर आधीच कोठल्या ना कोठल्या दवाखान्याची पायरी चढून आले होते. तेथे त्यांची थुंकी कोणी तपासली नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटली हातात देऊन त्यांची बोळवण झाली होती.

या निष्कर्षाचे मोल ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याला अज्ञानी ठरवले होते तो रुग्ण आपले कर्तव्य करून चुकला होता, आणि चूक होती ती व्यवस्थेची. मग उपायही बदलला. गाड्या फिरवण्याऐवजी, आपण होऊन येणाऱ्या खोकलेकऱ्याची थुंकी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, औषध त्याच्या घराजवळच्या साध्या दवाखान्यातून द्यावे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी या साऱ्याची देखरेख व्हावी, असा आराखडा तयार झाला. 1962 पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. त्याच्या अंमलबजावणीत पुढे अनेक उणिवा राहिल्या आणि क्षय अजूनही देशातून गेलेला नाही, हेही तितकेच खरे. पण आराखड्यामागचा विचार जगाने उचलला.

1962 मध्ये माहलर जिनिव्हाला क्षयरोग विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि 1973 साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेचे तिसरे महासंचालक झाले. सलग तीन वेळा निवडून येऊन 1988 पर्यंत ते त्या पदावर राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला. भारतातील शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये सापडला, नैसर्गिक संसर्गाचा जगातील शेवटचा रुग्ण ऑक्टोबर 1977 मध्ये सोमालियात सापडला, आणि 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीमुक्तीची घोषणा केली. एखादा नेता या यशावरच समाधान मानून राहिला असता. माहलर यांना मात्र दुसरीच चिंता होती. एका रोगाची मोहीम संपली की तिची माणसे, गाड्या आणि पैसा निघून जातो. मागे उरलेल्या गावात तापाने फणफणलेल्या मुलाला पाहायला कोण असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना संघटनेने जगभरच्या लहान लहान प्रयोगांकडे पाहिले, आणि त्यांत महाराष्ट्रातील एक नाव होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात काम आरंभले होते. वेल्लोरला शिकलेल्या या दोघांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित समाजातील होत्या. बाळंतपण, बालकांचे पोषण, लसीकरण, स्वच्छ पाणी ही कामे त्यांनी समर्थपणे पेलली. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवर एक ग्रंथ काढला. त्यात जामखेडचा वृत्तांत समाविष्ट होता. जामखेडच्या बाया शिकत होत्या आणि त्यांच्याकडून जिनिव्हा शिकत होते.

या सर्व विचारांचा परिपाक 6 ते 12 सप्टेंबर 1978 या दिवसांत सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आटा येथे झालेल्या परिषदेत दिसला. 134 देशांचे प्रतिनिधी तेथे जमले होते. आरोग्य हा माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि तो मिळवण्याचा मार्ग प्राथमिक आरोग्यसेवेतून जातो, असे त्यांनी जाहीर केले. आरोग्यशिक्षण, पुरेसे अन्न, स्वच्छ पाणी, माता-बालसंगोपन, लसीकरण, स्थानिक साथींचा बंदोबस्त, नेहमीच्या आजारांवर उपचार आणि अत्यावश्यक औषधे ही तिची आठ अंगे ठरली. 2000 सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य, हे माहलर यांचे ब्रीद जगाचे ब्रीद झाले. भारतातही त्याचा प्रतिध्वनी उमटला. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने 1981 मध्ये याच विषयावर अहवाल दिला, आणि त्यात कोल्हापूरच्या मातीतून आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता.

शब्दांपलीकडे जाण्याची वेळ आली तेव्हा माहलर यांनी बलाढ्यांचा रोषही ओढवून घेतला. 1977 साली संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली. बाजारातील हजारो औषधांपैकी दोनशेच्या आसपास औषधांत बहुतेक गरजा भागतात, हे त्या यादीने दाखवले, आणि औषध कंपन्यांना ते रुचले नाही. 1981 मध्ये आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींच्या जाहिरातबाजीला आळा घालणारी संहिता जागतिक आरोग्य सभेपुढे आली. ती 118 विरुद्ध 1 मताने संमत झाली. विरोधाचे ते एकमेव मत अमेरिकेचे होते.

परंतु खरा वाद मित्रांशीच झाला. 1979 पासून काही तज्ज्ञ म्हणू लागले की सर्वांसाठी सर्व काही हे ध्येय सुंदर आहे, पण पैसा थोडा आहे. तेव्हा मोजक्या, स्वस्त आणि परिणाम मोजता येतील अशा उपायांवर भर द्यावा. युनिसेफचे जेम्स ग्रँट यांनी बालकांची वाढ तपासणे, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण यांवर मोहीम उभारली. त्यातून असंख्य बालके वाचली. हे ऋण नाकारता येणार नाही. आज मरणाऱ्या मुलाला उद्याच्या आदर्श व्यवस्थेचे आश्वासन काय कामाचे, हा ग्रँट यांच्या बाजूचा प्रश्न बिनतोड होता. लसीच्या दिवशी उघडणारे दार एरवी बंद राहिले तर गावाला काय मिळाले, हा माहलर यांचा प्रश्नही तितकाच बिनतोड होता. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि आरोग्याच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःशी घालावाच लागतो.

2000 साल उजाडले तेव्हा सर्वांसाठी आरोग्य आले नव्हते. माहलर यांच्या हिशेबात ही तूट मांडावीच लागते. एड्सच्या बाबतीतही आरंभी त्यांनी धोका कमी लेखला होता. मात्र 1986 मध्ये त्यांनी ही चूक जाहीरपणे कबूल केली आणि लगेच 1987 साली डॉ. जोनाथन मान यांच्या नेतृत्वाखाली एड्सविरोधी जागतिक कार्यक्रम उभा केला. एवढ्या उंच खुर्चीवरून आपली चूक सांगणे सोपे नसते. ज्याने तरुणपणी रुग्णाला दोष देण्याआधी व्यवस्थेला प्रश्न विचारायला शिकले होते, त्याने उतारवयात तोच प्रश्न स्वतःला विचारला.

पुढे काही वर्षे त्यांनी आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाचे नेतृत्व केले. 2008 मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांनी जागतिक आरोग्य सभेपुढे उभे राहून प्राथमिक आरोग्यसेवेचा जुना आग्रह पुन्हा मांडला. 14 डिसेंबर 2016 रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी कझाकस्तानातच, अस्ताना येथे, राष्ट्रे पुन्हा जमली आणि अल्मा-आटाच्या वचनाची त्यांनी उजळणी केली. मे 2022 मध्ये भारतातील आशा सेविकांचा जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. जामखेडच्या बायांनी मळलेली वाट लाखो पावलांनी रुंद केल्याची ती पावती होती.

पालकहो, माजी विद्यार्थीहो, या शाळेतून आणखी डॉक्टर घडतील. त्यांतील बहुतेक दवाखान्यात बसतील, आणि त्यांनी तसे बसावेच. खोकलणारा माणूस प्रथम तेथेच येतो. एखादा कदाचित जिनिव्हापर्यंत जाईल. दोघांसाठीही तुमकूरच्या त्या घरांतून विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : दारी आलेला माणूस काय घेऊन परतला, तपासणी आणि उपचार, की केवळ खोकल्याची बाटली? हा प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागते. ज्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला का समजले नाही याचा शोध घेताना गुरुजी आधी आपल्या शिकवण्याकडे पाहतात, त्या वर्गात ती लागते. साठ वर्षे परप्रांतात मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या या शाळेच्या हातून हे काम पुढेही घडत राहो.