पाणी बदलले, चव बदलली

पाण्याला चव नसते असे क्रमिक पुस्तक सांगते. पण नदीच्या पाण्यात शिजलेली तूरडाळ आणि शिरोळकडच्या मचूळ विहिरीच्या पाण्यात शिजलेली डाळ यांतला फरक आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला विचारा. आज हाच फरक मी बिअरच्या निमित्ताने सांगणार आहे.

माझा भाचा लंडनला असतो. तिथे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो गुन्हा आहे, तेव्हा हे ऐकून कोणी पातेले चढवू नये. भाच्याची तक्रार अशी, "मामा, काळी बिअर झकास होते, पिवळी मात्र तुरट. हात तोच, कृती तीच." मी रसायनशास्त्राचा मास्तर. विचारले, "किटलीत पांढरा थर बसतो का?" "भरपूर," म्हणाला. निदान तिथेच झाले.

हा थर आपल्या बंबातही बसतो. चुनखडीतून आलेल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असते. बिअरसाठी मोड आणून वाळवलेले सातू भरडून गरम पाण्यात ठेवतात, म्हणजे पिठुळाची साखर होते. या कामाला किंचित आंबटपणा लागतो, सामू साधारण ५.२ ते ५.६. बायकार्बोनेट तो आंबटपणा खाऊन टाकते आणि टरफलांतला तुरटपणा उतरतो. काळपट भाजलेले सातू मुळातच आम्लधर्मी, त्यामुळे तिथे हिशेब जुळतो. लंडनची पोर्टर आणि डब्लिनची स्टाउट काळी का, याचे बरेचसे उत्तर त्यांच्या पाण्यात आहे. उलट पिल्सेनचे पाणी अगदी हलके, तिथे १८४२ साली योसेफ ग्रोल याने सोनेरी बिअर काढली. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या विहिरींत जिप्समचा अंश भरपूर. सल्फेटमुळे हॉप्स या फुलांचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा लागतो. तिथली फिकट एल पिंपांत भरून हिंदुस्थानात येत असे. पुढे इतर गावचे कारखानदार आपल्या पाण्यात जिप्सम घालू लागले. याला 'बर्टनीकरण' असेच नाव पडले.

आपल्याला यात नवल वाटायला नको. गुऱ्हाळावरचा गुळव्या रसाचा आंबटपणा मारायला चुना घालतोच की! त्याच्याकडे सामू मोजायची पट्टी नसते, एवढेच.

भाच्याला सांगितले, पिवळ्या बिअरसाठी निम्मे पाणी आरओचे घे. आधी क्लोरीन घालव, नाहीतर दवाखान्याचा वास येईल. सरबत टिकवायला वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कणभर पुरते. मग २० लिटरला ५ ग्रॅम जिप्सम. त्याने लिटरमागे कॅल्शियम सुमारे ५८ आणि सल्फेट सुमारे १४० मिलिग्रॅम वाढते. कडवटपणाऐवजी गोलाई हवी तर कॅल्शियम क्लोराइड. पिल्सनर करायची तर आरओ जास्त आणि क्षार अगदी थोडे. काळीसाठी नळाचेच पाणी ठेव. निव्वळ आरओ मात्र नको. कॅल्शियम नसेल तर यीस्ट नीट खाली बसत नाही. शुद्ध म्हणजे उत्तम, ही आपली समजूत इथे चालत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही, पुण्यात, २००९ पासून परवान्याने छोट्या प्रमाणावर ताजी बिअर करतात. कोल्हापुरात कोणी तसे करायचे म्हटले तर? आपल्या नद्या सह्याद्रीच्या पावसाच्या, थोडे अंतर धावून आलेल्या. पंचगंगेचे पाणी, आणि २०२३ पासून थेट पाइपलाइनने येणारे काळम्मावाडीचेही, माझ्या मते बर्टनपेक्षा पिल्सेनच्या जवळचे. बोअरचे पाणी वेगळे, खडकात मुरून क्षार घेऊन आलेले. पण पाण्याचा हा स्वभाव बाराही महिने एकसारखा राहत नाही. श्रावणातले आणि वैशाखातले पाणी दोन्ही तपासून घ्यावे आणि मगच जिप्समचा चमचा हातात धरावा.