आधी कोण?



साथीच्या रोगावर बोलायला डॉक्टर सोडून कामगारांत काम करणाऱ्या माणसाला का बोलावले, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. आम्हालाही वाटले. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत परिपत्रके वाचता वाचता झाले. परंतु कोणते औषध द्यावे हा प्रश्न डॉक्टरांचा असला, तरी साहित्य थोडे आणि माणसे फार असताना आधी कोणाला तपासावे, हा एकट्या डॉक्टरांचा प्रश्न नाही. तो रांगेचा प्रश्न आहे, आणि रांगांत आमचे आयुष्य गेले आहे.

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला, तेव्हा नायडू रुग्णालयाच्या दारी तपासणीसाठी माणसांची रीघ लागली. मग केंद्र सरकारने रुग्णांचे तीन गट पाडले. साधा ताप-खोकला असेल तो 'अ' गट : घरी राहा, तपासणी नको. तशीच लक्षणे असलेल्या गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, मधुमेहाचे वा हृदयविकाराचे रुग्ण 'ब' गटात : यांना औषध द्या, पण तपासणी नको. दम लागणारा, छातीत दुखणारा, ग्लानी येणारा 'क' गटात : त्याला दाखल करा आणि तपासा. तपासल्याविना औषध ही काय रीत, असे तेव्हा आम्हीही म्हणालो होतो. जो अहवाल येवो वा न येवो, उपचार तोच राहणार, त्यासाठी प्रयोगशाळा अडवू नये, हे त्यातले शहाणपण आम्हाला फार उशिरा उमगले.

पुढे कोरोना आला. ९ मार्च २०२० रोजी दुबईहून परतलेल्या पुण्यातील दांपत्याला त्याची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. दुसऱ्याच दिवशी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालकही बाधित निघाला. परदेशप्रवास उतारूंचा, आजार चालकाला! उतारू तपासले गेले म्हणून तो सापडला. १७ मार्चच्या नियमांत लक्षणे असलेले परदेशाहून आलेले लोक, बाधितांच्या सहवासातले आणि दवाखान्यांतले सेवक एवढेच बसत होते. प्रयोगशाळा मोजक्या होत्या, तेव्हा त्या घटकेला हा नियम चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु रोग विमानातून उतरला आणि भाजीच्या गाडीत चढला. आपल्या कळंबवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता टाळेबंदीतही भाजीसाठी चालू होता. गावी परतणारे मजूर आणि आघाडीवर राबणारे कामगार, लक्षणे असल्यास, यादीत आले ते १८ मे रोजी. त्याच कागदात, तपासणीसाठी बाळंतपण अडवू नये असेही लिहिले होते. असे लिहावे लागले, यातच काय ते आले.

८ मेचा आणखी एक कागद आम्ही खिशात घेऊन हिंडत असू. सौम्य आजाराच्या माणसाला दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसल्यास, पुन्हा न तपासता घरी सोडावे, आणि त्याने आणखी सात दिवस घरीच राहावे, असे त्यात होते. पण ते दिवस भरून आलेल्या हमालाला एका मालकाने फाटकावरच विचारले, "निगेटिव्हचा कागद कुठाय?" आम्ही कागद दाखवला. मालक म्हणाला, "तो सरकारचा. मला त्याचा पाहिजे." बरा झालेला माणूस असा आजाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. मजुरी बुडाली ती वेगळीच. पुढे पुढे आमचे लोक ताप आला की तो लपवू लागले. त्यांना दोष द्यायला आमची जीभ वळत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. २०२० च्या पावसाळ्यात या भागातल्या एका बाजार आवारात झटपट तपासणीची थोडी किट आली. यादी करायचे काम आमच्याकडे दिले. आम्ही वर्गणीच्या पावत्यांचे पुस्तक उघडले आणि त्या क्रमाने नावे घातली. सोपे पडले, आणि सभासदही खूश झाले. टोमॅटोची प्रतवारी करणाऱ्या बाया त्या पुस्तकात नव्हत्याच. त्यांतली एक, साठीच्या पुढची, साखरेचा आजार असलेली, दोन दिवस कणकण अंगावर काढून कामाला येत होती. तिची पाळी येण्याआधीच किट संपली, आणि धडधाकट तरुणांचे कागद मात्र तयार झाले. चौथ्या दिवशी तिला दम लागला.

त्याच जून महिन्यात ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने दाखवले होते की, डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात; ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना त्याचा लाभ नाही. म्हणजे दम कोणाला लागेल यावर नजर ठेवणे हेच खरे काम होते, आणि आम्ही नजर ठेवली ती पावत्यांवर.

बाई वाचली. आवारात मात्र परतली नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिने चहा केला आणि विचारले, "दादा, यादीत माझं नाव कितवं होतं?" नव्हतेच, हे आम्हाला सांगावे लागले.

पुढच्या खेपेस यादी पावत्यांवरून केली नाही. ताप-खोकला कोणाला, वय किती, साखर वा दम्याचा त्रास आहे का, घरी म्हातारे कोण, हे विचारून केली आणि आवाराच्या भिंतीवर लावली. पदाधिकाऱ्यांची नावे शेवटी होती. त्यावरून आमच्या चिटणिसांनी आठ दिवस अबोला धरला होता.