देऊळ कोणाचे?

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील व्याख्यान)



जीर्णोद्धार म्हणजे नुसती भिंतींची डागडुजी नव्हे. देऊळ उभे राहते तेव्हा त्या गावाचे मन दगडात उतरत असते. समारंभातली भाषणे विरून जातात, हिशेबाच्या वह्यांना कसर लागते, मागे राहतो तो दगड. तो पुढच्या पिढ्यांना तीन गोष्टी सांगतो. इथल्या माणसांनी देव कसा पाहिला, इथे सत्ता कोणाची होती, आणि दाराबाहेर कोण उभे राहिले.

पहिली गोष्ट श्रद्धेची. देवळात शिरणारा माणूस प्रथम मोकळ्या सभामंडपात येतो, मग अरुंद अंतराळात, आणि शेवटी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी. पावलागणिक उजेड कमी होतो, आवाज खाली येतो, मान आपोआप लवते. आतल्या अंधारात एक नंदादीप तेवत असतो. बाहेरचे सोडून आत वळा, हे सांगायला तिथे कीर्तनकाराची गरज पडत नाही, बांधणीच ते सांगते. मशिदीत मूर्ती नसते. सगळे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, मक्केच्या दिशेला तोंड करून उभे राहतात. त्यासाठी तिथे मोकळी, सपाट जागा लागते. कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहात दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि शेवटी स्तूप आहे, कारण तिथे स्तूपाला प्रदक्षिणा घालायची असते. जसा भाव, तशी इमारत.

कार्ल्याची आणखी एक गोष्ट देणगीदारांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेणे कोणा एकाच्या पैशाने झालेले नाही. खांबाखांबावर दात्यांची नावे आहेत. त्यांत काही स्वतःला यवन म्हणवणारे आहेत. दाराच्या कामाशी जोडलेल्या नावांत एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि एक सुतारही आहे. शेठजींच्या नावाबरोबर सुताराचे नाव कोरायला त्या काळच्या लोकांना कमीपणा वाटला नाही.

दुसरी गोष्ट सत्तेची. तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधले आणि इ. स. १०१० मध्ये ते पूर्ण झाले. त्याचे शिखर सुमारे २०० फूट उंच आहे. त्या उंचीत शिवभक्ती आहे, तसा राजाचा दराराही आहे. चेर आणि पांड्य राजांना जिंकून आणलेल्या संपत्तीतून देवाला सोने वाहिले, असे तिथल्या शिलालेखांतच नोंदले आहे. कॉन्स्टँटिनोपलचे, म्हणजे आजच्या इस्तंबूलचे आया सोफिया हे याचे दुसरे उदाहरण. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३७ मध्ये ते ख्रिस्ती प्रार्थनामंदिर म्हणून पूर्ण केले. १४५३ मध्ये शहर तुर्कांनी जिंकले आणि त्याची मशीद झाली. १९३४ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने ते संग्रहालय करण्याचा निर्णय घेतला, आणि २०२० मध्ये ते पुन्हा मशीद झाले. घुमट तोच, पण राज्य कोणाचे हे प्रत्येक वेळी त्या घुमटाखालीच ठरले.

वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले. अखंड डोंगर वरून खाली कोरीत आणून हे देऊळ मोकळे केले. आधी कळस, मग पाया! पुढच्या शतकातल्या एका ताम्रपटात असे वर्णन आहे की, हे आपल्या हातून घडले तरी कसे, याचे खुद्द ते घडवणाऱ्यालाच नवल वाटले. राजाचे नाव इतिहासात राहिले. ज्याला नवल वाटले, त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

येथून तिसरी गोष्ट सुरू होते. ती दाराबाहेरच्या माणसांची.

पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, चोखोबांची समाधी आहे. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी वेचून आणली, अशी परंपरा सांगते. भिंत उभारताना गेलेल्या या भक्ताला देवाच्या भिंतीआड जाता आले नाही. त्याची समाधीही दाराबाहेरच राहिली. नामदेवांनी ती अगदी दारासमोर बांधली. दगडाने केलेली ही शांत फिर्याद होती.

केरळात १८८८ साली नारायण गुरूंनी वेगळी वाट काढली. ते ईळवा समाजातले, त्या काळच्या रूढीने मोठ्या देवळांची दारे त्यांच्या समाजाला बंद. अरुविप्पुरम येथे शिवरात्रीला त्यांनी नदीत बुडी मारली, तळाचा एक धोंडा वर आणला आणि शिव म्हणून त्याची प्रतिष्ठापना केली. ना शिखर, ना कळस. पण त्या धोंड्याने जेवढे प्रश्न विचारले, तेवढे फार थोड्या देवळांनी विचारले असतील.

आपल्याकडे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. हजारोंची मिरवणूक मंदिरापाशी आली आणि दारे बंद झाली. मग सत्याग्रही दरवाजांशी बसले. त्यांत स्त्रियाही होत्या. मागणी केवळ दर्शनाची नव्हती, माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काची होती. लढा काही वर्षे चालला तरी दार उघडले नाही. नंतर १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला दहा दिवस उपोषण केले. त्याआधी ते महाराष्ट्रभर हिंडले होते आणि गावोगावची देवळे खुली झाली होती. शेवटी विठ्ठलाचे दारही उघडले. चोखोबांना जाऊन तोवर सुमारे सहाशे वर्षे लोटली होती. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली.

मंडळी, कायद्याने दार उघडते, पण संकोच उंबऱ्यावर बसून राहतो. पंगतीत कोण कुठे बसतो, पालखीला खांदा कोण देतो, आरतीचे ताट कोणापर्यंत येते, यावरून देवळाचे दार खरोखर किती उघडे आहे ते कळते.

या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली जाईल, आणि ती छापलीच पाहिजे. कष्टाचा पैसा देवाला देणे ही लहान गोष्ट नव्हे. पण कार्ल्याच्या सुताराची आठवण ठेवून एक पान आणखी छापावे. ज्याने पाथरवटाची छिन्नी धरली, ज्यांनी वाळूची घमेली वाहिली, ज्या मायबहिणींनी श्रमदानाला भाकऱ्या थापल्या, त्यांची नावे त्या पानावर असावीत. पैसे द्यायला जमले नाही म्हणून कोणाचे नाव देवळाबाहेर राहू नये.

दोनशे वर्षांनी कोणी वाटसरू येथे टेकेल. शिखर किती फूट आणि खर्च किती झाला, हे त्याला ठाऊक नसेल. देऊळ कोणाचे, असे तो सहज विचारील. तेव्हा आळीचे, वाड्याचे किंवा घराण्याचे नाव न घेता समोरच्या माणसाने एवढेच म्हणावे, ‘गावाचे.’ हे उत्तर ज्या दिवशी खरे ठरेल, त्या दिवशी हा जीर्णोद्धार पूर्ण झाला असे समजावे.