शिंतो देवालयातील वाख



जपानमधील शिंतो देवालयात कोणत्याही विधीचा आरंभ शुद्धीकरणाने होतो. पुरोहिताच्या हाती एक काठी असते. तिच्या टोकाशी कागदाच्या पट्ट्या आणि फिकट सोनेरी वाखाचे झुबके बांधलेले असतात. नतमस्तक भाविकांवरून ती डावीकडे, उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे फिरविली जाते. तिला 'ओनुसा' म्हणतात. हा शब्द ज्या दोन चित्राक्षरांनी लिहितात, तीच 'ताइमा' अशीही वाचतात. आणि ताइमा म्हणजे भांगेचे झाड! इसे येथील महामंदिरातून घरोघरच्या देव्हाऱ्यांसाठी जे पवित्र पत्र दिले जाते, त्याचेही नाव 'जिंगू ताइमा' असेच आहे.

भांग म्हटले की आपल्याकडे नशा आठवते. येथे तिचा काहीही संबंध नाही; येथे महत्त्व आहे ते खोडाच्या सालीला. पुरुषभर उंचीहून अधिक वाढलेली झाडे कापून गरम पाण्यात बुडवितात, उन्हात वाळवितात, भिजवून आंबवितात, मग साल सोलून ती खरवडतात. तेव्हा कोठे तो झळाळता वाख हाती येतो. देवालयाच्या घंटेचा दोर आणि काही ठिकाणचे पवित्र वेढेही त्याचेच.

इ. स. ८०७ मधील 'कोगोशूई' या ग्रंथात इंबे कुळाने आवा प्रदेशात हे पीक लावल्याची कथा आहे. आवा म्हणजे आजचा तोकुशिमा. नवा सम्राट राज्यारोहणानंतर 'दाइजोसाइ' हा महाविधी करतो. त्यासाठीचे 'आराताए' हे वाखाचे वस्त्र तेथील मिकी घराणे देते. मध्यंतरी शतकानुशतके ही प्रथा खंडित होती. १९१५ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सम्राट नारुहितो यांच्या विधीतही हे वस्त्र अर्पण झाले. त्यासाठीचे पीक मात्र कुंपण घालून, पहारा ठेवून वाढवावे लागले.

याचे कारण १९४८ चा कायदा. देशावर परकीय लष्करी अंमल असताना तो झाला. गंमत अशी की, पक्व खोड आणि त्यापासून निघालेला वाख त्या कायद्याने वर्ज्य ठरविला नव्हता; लागवडीस मात्र प्रांताच्या राज्यपालाचा परवाना अनिवार्य केला. सारा दोष कायद्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे, कारण कृत्रिम धाग्यानेही या पिकाची बाजारपेठ बळकावली. पण परिणाम व्हायचा तो झालाच. १९५४ साली परवानाधारक शेतकरी ३७ हजारांहून अधिक होते. २०२१ अखेर ते ३० हूनही कमी उरले. त्यांतील काही तोचिगी प्रांतातले. तेथे नशेचे द्रव्य अत्यल्प असलेले 'तोचिगिशिरो' हे वाण विकसित झाले आहे.

मग देवालयांनी काय करावे? कोणी चीनचा वाख आणतो, कोणी कृत्रिम धागा वापरतो. मंत्र तोच, पुरोहिताची गतीही तीच. पण ज्या वस्तूने मालिन्य दूर व्हावे, ती कारखान्यातून आलेली असते. सोवळ्याचा अर्थ जाणणाऱ्या घरांना यातली खंत वेगळी सांगावयास नको.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या संसदेने हा कायदा बदलला. अमली सेवनाविरुद्धची तरतूद अधिक कडक झाली. लागवडीचे नवे नियम मार्च २०२५ पासून लागू झाले. परंतु साल सोलण्याचे, खरवडण्याचे कसब ज्यांच्या हातांत आहे, ते शेतकरी आता वृद्ध झाले आहेत.